बंगल्यात चार संडास

त्या बंगल्यात चार संडास आहेत. प्रत्येक खोलीला एक. पांढऱ्या फरशीचे, नळाला पाणी असलेले, आतून कडी लागणारे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत म्हणून सांगते. आणि बंगल्याभोवतीच्या एवढ्या मोठ्या बागेत, जिथं सकाळ-संध्याकाळ निम्मी बारामती चालायला येते, तिथं बाईमाणसाला जायला एक उघडं दार नव्हतं.

बाग जुनी आहे. कालव्याचं काम चालू असताना कुणा गोऱ्या साहेबानं राहायला हा बंगला बांधला, तेव्हा तो गावाबाहेर होता म्हणतात. काळ्या दगडाचं जोतं, उतरती कौलं, चारी बाजूंनी व्हरांडा. साहेब गेला, बंगला सरकारी पाहुण्यांसाठी राहिला, आणि गाव वाढत वाढत बागेला वळसा घालून पुढं निघून गेलं. आता बाग शहराच्या मधोमध आहे. मध्यंतरी तिचं नूतनीकरण झालं. वडाच्या पारांना ग्रॅनाइट बसवलं, हिरवळ अंथरली, रंगीत दिवे लावले. बंगल्यासमोर 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी आली. साहेबाला झाडांची केवढी आवड होती हे पाटीवर लिहिलंय. झाडांना पाणी कुणी घातलं ते लिहिलेलं नाही.

पाणी माझ्या सासूनं घातलं. तिच्यासारख्या वीसेक बायका होत्या. आम्ही तिला आत्याबाई म्हणतो. माहेर पिंपळीचं. लग्न होऊन बारामतीत आली आणि दुसऱ्याच वर्षी या बागेत रोजानं कामाला लागली. डोक्यावर घागर घेऊन पाटापासून गुलाबाच्या वाफ्यापर्यंत दिवसभर ये-जा.

"मग बाईमाणसानं जायचं कुठं, आत्याबाई?" मी एकदा तिला विचारलं होतं.

"तवा घायपाताचं कुंपण हुतं की," ती म्हणाली. "ह्येवढं उंच. त्याच्या आडोशाला जायचं. आता समदं उघडंवाघडं करून ठेवलंय. बघाया लय ग्वाड दिसतं, पर आडोसा म्हणून न्हाय कुठं."

पंच्याहत्तरी उलटल्यावर तिला साखरेनं धरलं. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चालवा. मी नुकतीच नोकरीतून निवृत्त झाले होते, तेव्हा सकाळी तिला घेऊन बागेत जायचं काम माझ्याकडं आलं. तिलाही ते आवडायचं. कुठली चिंच कधी लावली, कुठल्या जांभळाची फांदी कुठल्या वाऱ्यात मोडली, सगळं सांगत चालायची.

ती सकाळ थंडीची होती. दुसरा फेरा अर्धा झाला आणि ती थांबली. माझा दंड धरून हळूच म्हणाली, "पोरी, जाऊन यायचंय."

"घरी जाऊ. चला लवकर."

"घरापातूर न्हाय निभायचं."

साखरेच्या माणसाला कळ निघाली की निघाली. फाटकाजवळ नवीन शौचालय बांधलेलं होतं. भिंतीवर बाईचं चित्र काढलेलं, दाराला कुलूप. बांधून वर्ष होत आलं होतं. उद्घाटनाला मोठ्या माणसाची तारीख मिळत नव्हती म्हणून बंद. मग मी तिला बंगल्याकडं वळवलं. पायऱ्यांच्या वर खुर्ची टाकून पहारेकरी बसला होता.

"दादा, म्हातारं माणूस आहे. दोन मिनिटं आतलं बाथरूम उघडा," मी म्हणाले.

"न्हाय उघडता येत, मावशी. आत कुणाला सोडायचं न्हाय."

"अहो, त्यांना धीर निघत नाही."

"वरून आर्डर हाय. माझी नोकरी जाईल."

आमचं बोलणं चालू असताना आत्याबाई दुसऱ्या पायरीवर उभी होती. एकाएकी तिनं माझा दंड सोडला आणि खाली बघायला लागली. लुगड्याचा काठ भिजला, मग पायरी भिजली.

पहारेकरी ओरडला, "ए म्हातारे! ही काय मुतारी हाय का?"

चालणारे चार लोक थांबले. एक जण फोनवर बोलत होता, त्यानं बोलता बोलता मान वळवून पाहिलं आणि पुन्हा बोलायला लागला. आणि मी काय केलं? मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी दात आवळून तिच्या कानात म्हणाले, "घरून जाऊन यायला काय झालं होतं?"

पहारेकऱ्यानं व्हरांड्यातून बादली आणून माझ्या हातात दिली. "धुवा आता," म्हणाला. मी धुतली. त्या बंगल्याची पायरी मी वाकून, हातानं घासून धुतली. आत्याबाई कडेला ओल्या लुगड्यात उभी होती. आज त्याचा विचार केला की माझे कान तापतात. बादली त्याच्या अंगावर का ओतली नाही मी?

खरं म्हणजे मला हे सगळं नवीन नव्हतं. मी बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. कंडक्टर बाईला पहिल्या महिन्यातच एक गोष्ट कळते, पाणी प्यायचं नाही. उन्हाळ्यात गाडी तापलेली, तिकिटं फाडून घसा कोरडा, तरी ओठ ओले करायचे आणि बाटली ठेवून द्यायची. मला दोनदा मुतखडा झाला. माझ्याबरोबरच्या बायकांपैकी एकीची लघवीची पिशवी कायमची बिघडली. आमचा ड्रायव्हर बिचारा कुठंही झाड बघून गाडी थांबवायचा आणि मी खिडकीतून दुसरीकडं बघत बसायची.

निरवांगीच्या मुक्कामी मात्र थांब्यासमोर एक घर होतं. मुसलमान शिंप्याचं. त्याची बायको दारात मशीनवर बसलेली असायची. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिनं मला गाडीतून उतरताना पाहिलं आणि हाक मारली, "बाई, आदी आत या. मागं दार हाय. पाणी भरून ठिवलंय." मी काही सांगितलं नव्हतं. तिला चेहऱ्यावरून कळलं. पुढं तो रूट माझ्याकडं होता तोवर, पाच वर्षं, त्या घराचं मागचं दार माझ्यासाठी उघडं असायचं. पत्र्याचा आडोसा, दगडाची फरशी, पाण्यानं भरलेलं डालड्याचं पत्र्याचं डबडं. त्या बाईला कुठल्या वरच्याची ऑर्डर लागली नव्हती.

पायरीच्या प्रसंगानंतर आत्याबाईनं बागेत यायचं सोडलं. "गुडघा दुखतोय" म्हणायची. गुडघ्याला काही झालं नव्हतं. ती दिवसभर खाटेवर बसून राहायची, चहासुद्धा निम्मा टाकायची, म्हणजे जावं लागू नये. महिन्यानं साखर तपासली तर डॉक्टर माझ्यावर ओरडले.

तेव्हा मी बागेचं काम बघणाऱ्या ऑफिसात गेले. साहेब तरुण होता, माझ्या मुलाच्या वयाचा. बोलायला गोड.

"मावशी, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण बंगला हेरिटेज आहे."

"संडास पण हेरिटेज आहेत का?"

तो हसला. मी हसले नाही. "ते पाहुण्यांसाठी राखीव असतात," तो म्हणाला.

"पाहुणे वर्षातनं किती वेळा येतात?"

"तसं सांगता येत नाही. पण आले तर सोय लागते ना."

"आणि आम्ही रोज येतो ते?"

"तुम्ही नागरिक आहात, मावशी."

हे त्यानं अगदी समजावून सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाला, नवीन शौचालय पुढच्या टप्प्यात सुरू होणार आहे, तुम्ही अर्ज देऊन ठेवा. मी अर्ज दिला. पोच घेतली. पुढच्या सोमवारी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. कधी साहेब मीटिंगला, कधी दौऱ्यावर, कधी जेवायला.

बागेत मी एकटीच जात राहिले. रागानंच जायची म्हणा ना. चालणाऱ्या बायकांना विचारायला लागले, तुम्ही काय करता? भाजीमंडईतली एक म्हणाली, मी येताना चहा घेत नाही. एक गरोदर पोरगी म्हणाली, मी एकच फेरा मारते. कॉलेजातल्या मुली एकमेकींकडं बघत पुढं निघून गेल्या. कुणी कधी कुणाला बोललं नव्हतं. लाज आमची आम्हालाच वाटत होती.

मग एका सकाळी बंगल्याचं दार सताड उघडं दिसलं. समोर कॅमेरे, छत्र्या, पांढरे पडदे. लग्नाआधीचं फोटोशूट. नवरी इंदापूरकडची, नऊवारीत. फोटो झाले की ती आत जायची आणि दुसरे कपडे घालून बाहेर यायची. हेरिटेजच्या आत. पहारेकरी तिच्यासाठी दार धरून उभा.

माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. मी सरळ पायऱ्या चढले.

"मावशी, तुमी न्हाय," पहारेकरी आडवा आला.

"का नाही? ही जाते ती?"

"त्यांची परवानगी हाय. फी भरलीय त्यांनी."

"म्हणजे फी भरली की बंगल्याला काही होत नाही, आणि आम्ही गेलो की बंगला पडतो?"

माझा आवाज कंडक्टरचा आहे. मागच्या सीटपर्यंत जाणारा. नवरी आतून बाहेर आली, एका हातात बांगड्या तशाच. "काय झालं?" तिनं विचारलं. मी एका दमात सगळं सांगितलं. पायरी, लुगडं, बादली. फक्त मी आत्याबाईला काय बोलले तेवढं सोडून.

ती पोरगी पहारेकऱ्याकडं वळली. "आज दुपारपर्यंत बंगला आमच्याकडं हाय ना?"

"व्हय ताई."

"मग ह्या माझ्या मावशी हायेत. येऊ द्या."

"आणि त्या?" त्यानं माझ्या मागं बोट दाखवलं. मागं बायका जमल्या होत्या. मंडईवाली, गरोदर पोरगी, आणखी बऱ्याच.

"त्याबी मावश्याच," नवरी म्हणाली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

अकरा जणी आत गेलो. एकेक करून, चप्पल बाहेर काढून, देवळात गेल्यासारख्या. फोटोग्राफर "ऊन चाललं, ऊन चाललं" म्हणून तळमळत होता. फेटा बांधलेला नवरदेव आंब्याखाली शांत उभा होता. त्यानं एकदाही घड्याळ पाहिलं नाही. त्या दिवशी मी ते चारही संडास पाहिले. कोऱ्या साबणाच्या वड्या, कोरे टॉवेल. कुणाची वाट बघत होते कोण जाणे.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. तो फिरला. दोन दिवसांत बंगल्याला साखळी आणि दुसरं कुलूप लागलं, शूटिंगची परवानगी बंद झाली, आणि पहारेकऱ्याला कामावरून काढलं.

तो माझ्या घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "तुमच्यामुळं माझं काम गेलं, मावशी."

मला संताप आला. "तुम्ही त्या दिवशी बादली कुणाच्या हातात दिली होती, आठवतंय का?"

"आठवतंय. चुकलं माझं." मग जरा थांबून म्हणाला, "पर मलाबी आतलं वापरायला बंदीच हुती. शूटिंगपुरती किल्ली मिळायची, परत घ्यायचे. बारा तासांची ड्युटी. मी मागच्या भिंतीला जायचो."

ज्यानं किल्ली अडवून धरली त्याला कुणी काढलं नव्हतं. मी तरुण साहेबाला फोन करून सांगितलं, त्या माणसाला परत घ्या. तो म्हणाला, ते ठेकेदाराचं काम आहे, आमचा संबंध नाही. हल्ली तो माणूस एका गोदामावर रात्रपाळी करतो असं ऐकलं.

पहारेकरी दारात बोलला ते आत आत्याबाईनं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी मी तिच्या खाटेवर जाऊन बसले आणि पायरीवर तिला जे बोलले होते त्याबद्दल माफी मागितली.

"तू काय बोललीस? मला कुठं काय ऐकू आलं?" ती म्हणाली.

तिला गल्लीच्या टोकाला आलेली भंगारवाल्याची हाक ऐकू येते. मी तिच्या पायाला हात लावला, तर तिनं पाय आखडून घेतले. "जा, भाकरी बघ जा," म्हणाली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकं गिळायची सवय या बाईला कुणी लावली? घागरी वाहायला लावणाऱ्यांनी, घायपातामागं पाठवणाऱ्यांनी, आणि मीसुद्धा.

शेवटी फाटकाजवळच्या शौचालयाची फीत कापली गेली. मला सकाळी ऑफिसातून फोन आला, मावशी, तुम्ही कात्रीचं तबक धरायला या, फोटोत चांगलं दिसेल. मी गेले नाही. संध्याकाळी जाऊन पाहिलं. दार उघडं होतं, नळ होता, नळाला पाणी नव्हतं. जोडणी व्हायची होती म्हणे. समोरच कारंजं उडत होतं, लाल-निळ्या दिव्यांत.

आता बायका घरून पाण्याची बाटली घेऊन येतात. आत्याबाई अजूनही बागेत येत नाही. आम्ही दोघी गच्चीवर चालतो, टाकीपासून जिन्यापर्यंत. मध्येच ती खाली जाऊन येते आणि मी कठड्याला टेकून थांबते. साखर उतरलीय जरा.

सोमवारी मी ऑफिसात जातेच. पाण्याच्या जोडणीचा अर्ज वेगळा करावा लागला, तो दुसऱ्या टेबलावर आहे. आता सगळे मला ओळखतात. खुर्ची देतात, चहा घेणार का विचारतात. मी घेत नाही. विचारते, पाणी कधी सोडणार?