दत्ताच्या नावापुढची ओळ

हे मी घरातही कधी बोललेले नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. आता थकवा आलाय, लपवण्याचाच म्हणा ना.

विद्यापीठातल्या आमच्या विभागाचा वार्षिक अंक निघतो. त्यात शेवटची चार पानं माजी विद्यार्थ्यांची. कोण कुठे लागलं, कुणाला बढती मिळाली, कोण परदेशी गेलं. लोक फॉर्म भरून पाठवतात, मी त्याच्या ओळी करते. बिनपगारी काम, पण इतकी वर्षं सोडवलं नाही. सगळ्यांच्या बातम्या आधी आपल्याला कळतात, हा मान कुणाला नको असतो?

दत्ता आमच्या वर्गातला. प्रॅक्टिकलला माझा जोडीदार. माझं रीडिंग चुकलं की सरांच्या आधी गुपचूप दुरुस्त करून द्यायचा.

एके वर्षी त्याचा फॉर्म आला. "इचलकरंजीत यंत्रमाग चालवतो. बिघडला तर दुरुस्तही करतो." आणि मला—कसं सांगू—लाज वाटली. वरची ओळ कॅलिफोर्नियाची, खालची तहसीलदाराची, आणि मधेच हा माग? मी लिहिलं, "वस्त्रोद्योगातील यशस्वी उद्योजक." त्याचं भलंच करतेय, असं स्वतःला सांगितलं. खोटं. मला आमच्या बॅचची शोभा राखायची होती.

त्या वर्षीच्या मेळाव्यात सरांनी त्याला कौतुकानं स्टेजवर बोलावलं. यंदाची चार पोरं कारखान्यात घे म्हणाले. दत्ता माइकसमोर गोंधळला.

"सर, मी मालक न्हाय. मागावर हाय."

लोक हसले. सर चिडले, हे छापलं कुणी? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्याचा फॉर्म माझ्या मांडीवरच्या फायलीत होता. आणि मी म्हणाले, "त्यानंच तसं लिहून दिलं होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. फार नाही, जरासंच. मग म्हणाला, "व्हय सर. माझंच चुकलं."

जेवायला थांबला नाही. पुढे त्याचा फॉर्मही आला नाही. चूक दुरुस्त करायला दोन ओळी पुरल्या असत्या. इतक्या अंकांत दोन ओळींची जागा नव्हती? होती की. दरवर्षी होती.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी शिवाजी पेठेत माझ्या घरी आली. तीही आमच्याच विभागात शिकली, आता बेंगळुरूला नोकरीला आहे. फॉर्म हातात देत म्हणाली, "मॅडम, लिहिलंय तेवढंच छापा हं. पप्पांनी बजावलंय. म्हणाले, वाढवून लिवू नगंस बाळ, मी एकदा लिवलं आणि चारचौघांत मान खाली गेली."

म्हणजे घरीसुद्धा त्यानं—पोटच्या पोरीलासुद्धा—

त्याचा जुना फॉर्म आतल्या खोलीत, कपाटात होता. दहा पावलांवर. मी उठले, आणि तिच्यासाठी चहा टाकला.