नवरदेवाच्या गाडीची किंमत

आमची गोल टपाची काळी मोटार जवळपास बाबांच्याच वयाची होती. धसईपासून शहापूर-भातसानगरपर्यंतचे कितीतरी नवरदेव त्यांनी तिच्यातून मिरवले. तिला कुणी गमतीनंही डबा म्हटलं, की त्या घरचं पुढचं लग्न बाबा घेत नसत. असला ताठा परवडण्यासारखी आमची परिस्थिती नव्हती, पण त्यांना सांगणार कोण?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुरबाडच्या रस्त्यावर रेतीच्या ट्रकनं तिला मागून ठोकलं. बाबा वाचले. गाडीचा मागचा भाग चेपला, चासी, म्हणजे खालचा सांगाडाच, वाकली. विमा होता म्हणून आई नारळ फोडून आली. मग कळलं, मोडक्या गाडीची जी किंमत ठरेल तेवढी रक्कम भरपाईतून कापणार आणि गाडी आमच्याकडेच राहणार. म्हणजे ती जितकी भंगार ठरेल, तितके दुरुस्तीला पैसे जास्त. विमा कंपनीच्या पहिल्या सर्व्हेअरनं, जुन्या गाड्यांचे मुंबईत शौकीन असतात म्हणत भलतीच किंमत लावली. बाबा खूश! आईनं कपाळाला हात लावला आणि त्यांना तक्रार करायला लावली.

दुसरा सर्व्हेअर यायच्या दिवशी आईनं गाडीच्या मागच्या सीटवर कोंबड्या सोडल्या आणि बाबांना बजावलं, "इचारलं तर भंगार हाय म्हना."

"मी नाय बोलनार तसं."

"मंग गप बसा."

"बसतो."

सर्व्हेअर भला माणूस होता. त्यानं वाकून चासी पाहिली, कोंबड्या हाकलल्या, चहा घेतला. आणि आम्ही देव पाण्यात घालून ज्याची वाट पाहत होतो, तेच तो बोलला.

"भंगारच आहे हो हे. किलोवर जाईल."

आईनं माझा हात दाबला. तेवढ्यात बाबा ओट्यावरून उठले. सीटखालचं हँडल काढून पुढं गेले, खोचलं आणि जोर लावून फिरवलं. इंजिन खोकलं, मग सुरू झालं, आणि अगदी एका लयीत चालत राहिलं.

"आता बोला," बाबा म्हणाले.

सर्व्हेअर कौतुकानं ऐकत राहिला आणि लिहिलेलं त्यानं खोडलं. मला बाबांचा इतका संताप आला, की पुढं कित्येक दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आई मात्र भांडली नाही. ती कोंबड्या पकडत बसली.

नवी किंमत पहिलीपेक्षाही चढी निघाली. हाती आलेल्या पैशांत चासीसुद्धा सरळ झाली नसती. शेवटी कंपनीनंच धाडलेला मुंबईचा एक शौकीन टेम्पो घेऊन आला. त्याला फक्त इंजिन हवं होतं. आमच्या अंगणातच ते खोलून त्यानं टेम्पोत चढवलं आणि बाकीचं तुम्हीच विका म्हणून निघून गेला. बाबा टेम्पोमागून रस्त्यापर्यंत चालत गेले.

काही दिवसांनी भंगारवाला आला. बाबा ओट्यावरच होते. त्यानं अंगणाबाहेरूनच विचारलं, "भंगार कुठाय?"

बाबांनी बोट दाखवलं.