शेजारच्या घरातलं प्रस्थान

आफ्रिकेच्या जंगलात शिकारीला जाताना दिवसभराच्या पाठपिशवीत काय काय न्यावं, हे मला तोंडपाठ आहे. मी आफ्रिकेला गेलेले नाही, शिकार तर लांबच, झुरळ मारायलाही मी लेकीला हाक मारते. तरी पाठ आहे. पहाटे उघड्या गाडीत वारा बोचतो म्हणून पातळ स्वेटर. दुपारसाठी रुंद काठाची टोपी. पाणी आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट. निळं काहीही नको, चावऱ्या माश्या निळ्या रंगावर धावून येतात. पिशवीचे खिसे बटणाचे हवेत, वेल्क्रोचे नकोत, कारण वेल्क्रो फाडल्याचा चर्रर्र आवाज झाला की अख्खा कळप पळालाच म्हणून समजा. हे सगळं मी ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला, आमच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालता घालता ऐकलं. सांगणारा आमचा शेजारी आणि ऐकणारे माझे बाबा.

बाबा पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आई गेल्यावर त्यांना मी इकडे घेऊन आले. नवरा डार्विनला गॅसच्या कामावर, महिन्याला काही दिवस घरी, मी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, माझी ड्यूटी कधी सकाळची कधी रात्रीची, लेक शाळेत. गाडीशिवाय इथे दूधसुद्धा मिळत नाही, आणि बाबांना गाडी चालवता येत नाही. अशा घरात आम्ही त्यांना आणून बसवलं. पहिले सहा महिने ते खिडकीत बसून होते. मग कुंपणापलीकडचा म्हातारा भेटला आणि बाबांना कंठ फुटला.

म्हातारा पूर्वी गव्हाची शेती करायचा. म्हातारपणी शेत मुलीला देऊन गावात राहायला आला होता. आफ्रिकेत तीनचारदा शिकार करून आलेला. त्याच्या बैठकीच्या भिंतीवर शिंगांची डोकीच डोकी. मला तिथे चहा घशाखाली उतरत नसे. बाबा मात्र एकेका डोक्यासमोर उभे राहून त्याचं लॅटिन नाव घेत आणि म्हातारा ते कुठे, कोणत्या वाऱ्यात पडलं ते सांगे. एकाने आयुष्यभर त्या प्राण्यांबद्दल बोलून घालवलेलं, दुसऱ्याने त्यांच्यामागे धावून. म्हाताऱ्याला शेवटची एक ट्रिप करायची होती. तो म्हणाला, "तुम्हीपण चला, मेट. बंदूक नको तर नको, नुसतं बघायला या. तसे लोक येतात."

बाबांनी मला अगदी हळू आवाजात विचारलं, "जाऊ का गं? मी मारणार नाही काही. मी बघणार."

मी नाही म्हणाले असते. तीन पिढ्या अंडं न शिवलेल्या घरातला माणूस शिकाऱ्यांबरोबर जाणार, नातेवाइकांना काय सांगू! पण त्याच महिन्यात ब्रिस्बेनच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी बाबांचे डोळे तपासले होते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. या प्रकाराला औषध नाही. कडेकडेचं दिसत राहतं, पण जिकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. वर्ष, फार तर दीड वर्ष, असं ते म्हणाले. मी रिपोर्ट स्वतः वाचला, बाबांना स्वच्छ सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे सिंह समोर आला तर त्याच्या बाजूचं झाड दिसेल?" मी हो म्हटलं. "मग लवकर जायला हवं," ते म्हणाले. मी त्याच रात्री म्हाताऱ्याला होकार कळवला.

त्यानंतर जी तयारी झाली तिने घर डोक्यावर घेतलं. ब्रिस्बेनला जाऊन आम्ही चांगली जड दुर्बीण घेतली. दुकानाबाहेर फूटपाथवरच बाबांनी ती डोळ्याला लावली आणि समोरच्या इमारतीवरच्या कबुतराचा पाय मोडलेला आहे असं जाहीर केलं. डोळे अजून तेवढे चांगले होते. पिशवी खाकी घेतली. मग बाबांनी ती आपल्या पद्धतीने भरली: चिवडा, दशम्या, बेसनाचे लाडू, स्टीलचं फुलपात्र, स्टीलचाच डबा, अमृतांजन. म्हाताऱ्याने त्यांना ती पाठीवर घेऊन अंगणात चालायला लावलं आणि स्वतः डोळे मिटून उभा राहिला. फुलपात्र डब्यावर असं खणखणत होतं की देवळातली आरती बरी. चिवड्याची पिशवी कुरकुरत होती. म्हाताऱ्याने पिशवी नाकाशी नेली. दशमीतला हिंग आणि अमृतांजन एकदमच त्याच्या डोक्यात गेले असणार. "मेट," तो म्हणाला, "एकही प्राणी दिसणार नाही तुम्हाला. आणि मलाही नाही."

फुलपात्र गेलं, डबा गेला, अमृतांजन गेलं. लाडू आवाज करत नाहीत आणि त्यांना वासही बेताचा, म्हणून जुन्या सुती रुमालात बांधलेले लाडू तेवढे पास झाले. मी त्या दिवशी पोट दुखेपर्यंत हसले. तशी मी त्यानंतर हसल्याचं मला आठवत नाही.

मार्च उजाडला तेव्हा साथीच्या बातम्या वाईट येऊ लागल्या होत्या. हॉस्पिटलात आमच्या रोज मीटिंगा चालल्या होत्या, मास्क कुलपात ठेवायला लागले होते. विमान एप्रिलच्या सुरुवातीचं होतं. मला आतून कळत होतं की काही खरं नाही, पण बाबांना सांगायला जीभ रेटेना. आणि तेवढ्यात त्यांनी प्रस्थान ठेवलं.

ही आईची रीत. निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीचा चांगला मुहूर्त गाठून सामानातली एक वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास सुरू झाला. प्रत्यक्ष निघताना ती वस्तू तिथून उचलायची आणि तसंच पुढे जायचं. ती घरी परत आणायची नाही; आणली तर प्रवास मोडला. मी एमबीबीएसच्या मुलाखतीला निघाले तेव्हा माझी चपलांची जोडी समोरच्या काकूंकडे ठेवलेली होती. बाबा या सगळ्याची यथेच्छ टिंगल करायचे. आई हयात असताना त्यांनी पंचांग हातात धरल्याचं मी पाहिलेलं नाही. आता त्यांनी फोनवर पंचांग काढलं, मला मोठ्या अक्षरात करून द्यायला लावलं, आणि भरलेली खाकी पिशवी, दुर्बिणीसकट, लाडूंसकट, म्हाताऱ्याच्या घरी नेऊन ठेवली. म्हाताऱ्याला बंदूक आणि देव दोन्ही गोष्टींचा आदर होता. त्याने ती आपल्या बंदुकीच्या कपाटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, "नो वरीज. इथून कोणी हलवणार नाही."

आठवड्याभरात देशाची दारं बंद झाली. बाहेरून कोणी आत नाही, आतून कोणी बाहेर नाही. विमान रद्द झालं. म्हाताऱ्याने कुंपणापाशी येऊन सांगितलं, पुढच्या सीझनला जाऊ. बाबा म्हणाले, "हो, हो, पुढच्या." लाडू तेवढे म्हाताऱ्याने खाऊन टाकले, बाबांच्या परवानगीने.

आता खरी गोष्ट सांगते. त्या हिवाळ्यात आमच्या मागच्या उतारावर पक्ष्यांची नुसती जत्रा होती. माणसं घरात कोंडलेली, रस्ते सुने, त्यामुळे वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, थेट कुंपणापर्यंत येत. काळे काकाकुवा समोरच्या झाडावर दाटीने बसून फळं कुरतडत. बाबांना ते नुसत्या डोळ्यांनी काळे ठिपके दिसत. दुर्बीण असती तर शेपटीतला लाल पट्टासुद्धा दिसला असता. दुर्बीण होती. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर होती. प्रस्थानात होती.

मी म्हटलं, "बाबा, दुर्बीण आणते मी तेवढी."

"नको."

"पिशवी राहू दे तिथे. नुसती दुर्बीण."

"प्रस्थान अर्धं आणत नसतात."

लेक अभ्यासातून डोकं वर न काढता म्हणाली, "मम्मा, जस्ट गो अँड गेट इट. इट्स लिटरली नेक्स्ट डोअर." तिचं म्हणणं बरोबरच होतं. मी दुसरी दुर्बीण मागवते म्हटलं, तर बाबा म्हणाले, "दोन दुर्बिणी कशाला? आपण काय नौदलात आहोत?" हा पुणेरी विनोद ऐकून माझं डोकं फिरलं. त्या आठवड्यात मी सलग नाइट्स केल्या होत्या, चेहऱ्यावर मास्कचे वळ होते. मी आवाज चढवून म्हणाले, "तुम्ही चाळीस वर्षं विज्ञान शिकवलंत ना? कोणत्या पुस्तकात लिहिलंय हे? तुमचे डोळे चाललेत बाबा, रोज थोडे थोडे चाललेत, आणि तुम्ही ती दुर्बीण कपाटाशेजारी ठेवून बसलात!"

बाबांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "कोणत्याच पुस्तकात नाही. मला माहीत आहे ते. पण माझं एवढं एकच पाऊल घराबाहेर पडलंय गं. तेही मागे घेऊ?"

मी हात टेकले. इतर कोणत्याही घरात दुर्बीण उचलून आणली असती आणि विषय संपला असता. आमच्या घरात ती दीड वर्ष शेजाऱ्याकडे राहिली. आमच्या फ्रीजवर चौकटी छापलेला कागद लावला होता; बाबांनी एकेक डोळा झाकून तो रोज बघायचा आणि रेघा वाकड्या दिसल्या की मला सांगायचं. सुरुवातीला मधल्या रेघा वाकल्या. मग मधे एक करडा डाग आला. तो वाढत गेला. एक दिवस बाबांनी तो कागद काढून लेकीला चित्र काढायला दिला. ती आता काही लहान नव्हती, तिने तो मुकाट्याने टेबलाच्या खणात ठेवला.

दुसरा सीझनही गेला. देशाच्या सीमा बंदच. हॉस्पिटलातून मी घरी यायचे आणि बाबा दाराकडे तोंड करून बसलेले असायचे, पण बघायचे माझ्या कानाच्या बाजूला. चेहरा दिसावा म्हणून त्यांना नजर बाजूला न्यावी लागे. मला त्या नजरेची भीती वाटायची. कोणी आपल्याशी बोलताना आपल्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघतंय असं वाटायचं.

मग म्हातारा न्हाणीघरात पडला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तो मुलीकडे शेतावर राहायला गेला, परत न येण्यासाठी. घर विकायला काढलं. घर आवरायला त्याची मुलगी आली. भली बाई. तिने सगळ्या शेजाऱ्यांच्या वस्तू ज्याच्या त्याच्या दारात नेऊन दिल्या. एका दुपारी बेल वाजली, मी दार उघडलं, तर ती मास्क लावून उभी, हातात खाकी पिशवी.

"ही तुमची आहे ना? डॅडच्या कपाटाजवळ होती."

मला ओरडून तिला थांबवायचं होतं. तिथेच ठेवा, आत आणू नका, असं सांगायचं होतं. पण इंग्रजीत हे कसं सांगतात? मी "थँक्स" म्हटलं. तिने पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि हात हलवून गेली.

बाबांनी आवाजावरूनच ओळखलं. उठून आले, चाचपून बकल उघडलं आणि दुर्बीण बाहेर काढली. मागच्या दाराशी जाऊन डोळ्याला लावली. खूप वेळ चक्र फिरवत राहिले, इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. मी त्यांच्या मागे उभी होते.

"बुरशी आलेली दिसतेय काचेवर," ते शेवटी म्हणाले. "दोन पावसाळे बंद पिशवीत होती. बघ बरं."

मी लावून बघितली. कुंपणाच्या खांबावर एक गुलाबी काकाकुवा बसला होता. त्याच्या तुऱ्याचं एकेक पीस मला मोजता आलं असतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "बुरशीच आहे."

"वाटलंच मला," ते म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

काही आठवड्यांनी सीमा उघडल्या. संध्याकाळच्या बातम्यांत विमानतळ दाखवत होते. माणसं धावत येऊन एकमेकांच्या गळ्यात पडत होती. बाबा शेजारी बसून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी मान वळवली, माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघितलं आणि विचारलं, "कोण रडतंय?"

"मीच, बाबा."

त्यांनी हात पुढे केला. तो आधी सोफ्याच्या पाठीला लागला, मग माझ्या डोक्यावर आला. "वेडी आहेस. अगं, जाऊन आलो असतो तरी डोळे गेलेच असते की."

ते खरंच होतं. आणि त्याचा मला काडीचाही उपयोग झाला नाही.