मागे सरणारी बाई

शिळफाट्यावरच्या फिजिओथेरपीच्या वर्गात मी काही महिने गुडघ्यासाठी जात होतो. दारावर ‘क्लिनिकल पिलाटेस’ अशी सोनेरी पाटी होती; साध्या व्यायामाला एवढं भारी नाव मला खुपायचं. आत सहा चटया आणि आमची सहा दुखणी.

शेजारच्या चटईवर डोंगरपायथ्याच्या गावातली एक बाई असे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिची कंबर धरली होती. तिच्या मुलानं सांगून टाकलं होतं, यंदा भाताच्या लावणीला वाकता आलं नाही तर खाचरं फार्महाउसवाल्याला देऊन टाकू.

हळूहळू खाली वाकायचा व्यायाम आला की ती दर खेपेला एक पाऊल मागे सरके आणि शेवटी भिंतीला टेके.

“मावशी, पाय जागेवर ठेवा ना,” फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली.

“जाग्यावर ऱ्हावून भात कसा लावनार, बाय? आमी मागंच सरतो. पुढं गेलो तर लावलेलंच तुडवू.”

मुलीनं दोन चटया एकामागे एक जोडल्या. “सरा मागे. पण गुडघे वाकवा, आणि उठलात की बरगड्यांवर हात ठेवून श्वास सोडा.”

त्या दिवसापासून ती पाटी मला जरा कमी खुपू लागली.

आषाढात बाई यायची थांबली. एकदा रिक्षा घेऊन कर्जतच्या रस्त्यानं जाताना एका वळणावर खाचरात बायकांची रांग मागे सरकताना दिसली. प्लॅस्टिकच्या कागदाखाली सगळ्या सारख्याच. एक मात्र मधेच सरळ झाली, चिखलाचे हात बरगड्यांवर ठेवून तिनं सावकाश श्वास सोडला आणि ती पुन्हा वाकली.

अजूनही लावणीच्या दिवसांत त्या वळणावर मी रिक्षा थांबवतो.