चंपाबाईच्या रेघा

सावित्रीचा पूर ओसरला की तुडीलजवळच्या त्या वाडीत सगळे चिखल काढायला धावत. चंपाबाई मात्र आधी डब्यात जपून ठेवलेला कोळसा काढायची. पाणी कुठवर चढलं होतं ते गाळाच्या कडेवरून कळायचं. विहाराच्या पडवीतल्या भिंतीवर तिथे ती रेघ ओढायची आणि शेजारी कुणाकडून तरी साल लिहून घ्यायची. तोवर ती कुणाला भिंत धुऊ द्यायची नाही. आधी तिचा सासरा रामजी हे करायचा. त्याच्यामागे चाळीस वर्षं तिने केलं, आणि कुणी दोन शब्द कौतुकाचे बोललं नाही म्हणून तिचं काही अडलं नाही.

एकवीस सालच्या पुरात तिचा नवरा काशीराम गेला. बाहेर पडा म्हणून हाका चालल्या होत्या, तेव्हा तो शेळ्या सोडायला मागे राहिला होता. "पानी तुझ्या रेघेच्या वर कवा गेलंय का? तू हो पुढं," असं तो म्हणाला होता. त्या पुराची रेघ चंपाबाईने ओढलीच नाही. काशीराम काय म्हणाला होता, तेही ती कुणाला बोलली नाही.

मग गौतमी आली. ती महाडच्या एका कॉलेजात पर्यावरण शिकवते. हवामान आणि पर्यावरण शिक्षणाच्या प्रकल्पासाठी तिला विद्यापीठाचं एक छोटं अनुदान मिळालं होतं. त्यात एक सिमेंटचा खांब, रंग आणि विद्यार्थ्यांचं एसटीचं भाडं कसंबसं निघणार होतं. कागद मात्र धरण बांधायला काढल्यासारखे भरून घेतले होते. विद्यार्थी भिंतीवरच्या रेघा मोजणार, तशाच खुणांचा खांब शाळेसमोर उभा करणार आणि त्यावरून मुलांना पुराचं शिकवणार, असं ठरलं. चंपाबाई लगेच हो म्हणाली. आपण गेल्यावर या रेघा कोण सांगणार, आणि रेघेवर विसंबून माणूस कसा जातो तेही कोण सांगणार, हा घोर तिला लागून राहिला होता.

विद्यापीठाचे पाहुणे येणार म्हटल्यावर वाडी स्वस्थ कशी बसेल? मंडळाच्या जितेशने चार जण हाताशी घेऊन विहार लख्ख केला आणि पडवीला चुन्याचे दोन हात दिले.

सकाळी गौतमी मापाची टेप घेऊन आली, तर भिंत पांढरीशुभ्र.

"भिंत लय काळी दिसत व्हती, मॅडम. पावन्यांसमोर बरं नाय वाटत," जितेश हसत म्हणाला. गौतमीचा चेहरा पाहून त्याला काय झालं ते कळलं आणि त्याने मान खाली घातली. त्याच्यावर रागवायचं तरी कसं? त्याने मान द्यायलाच केलं होतं ना.

चंपाबाई भिंतीपाशी गेली. तिने चुन्यावर तळवा टेकवला. "लिव गो बाय," ती गौतमीला म्हणाली. "पाच सालचं पानी या खुंटीला टेकलं व्हतं. त्याच्या आदलं हितं, खिडकीच्या बुडाला." एकेक जागा ती दाखवत गेली, विद्यार्थी टेप लावत गेले.

"आणि एकवीस सालचं, मावशी?" गौतमीने हळूच विचारलं.

चंपाबाई भिंतीतल्या वरच्या झरोक्याच्या जाळीकडे बोट करत म्हणाली, "ती बुडाली. तिच्याही वर वीतभर." आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं काशीरामचं बोलणं तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "माझ्या रेघेवर इस्वास ठेवून थांबले ते. मीच मारलं त्यांना, असं वाटतं मला."

"तसं नाही हो, मावशी," गौतमी म्हणाली. जितेश आपल्या घरी गेला, कोळसा घेऊन आला आणि स्टुलावर चढून स्वतःच दिलेल्या चुन्यावर त्याने ती रेघ ओढली.

खांबाची उंची त्या रेघेपाशीच संपणार होती. चंपाबाईने ते ऐकलं नाही. वर आणखी दोन हात खांब हवा आणि तो कोरा हवा, म्हणून ती अडून बसली. गौतमीने विद्यार्थ्यांच्या भाड्याला कात्री लावली आणि खांब वाढवला.

आता शाळेतल्या मुलांना खांब दाखवायला चंपाबाईच जाते. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "आजी, वर लिवायचं ऱ्हायलंय का?"

"ते पानी आजून यायचं हाय, पोरी," चंपाबाई म्हणाली. "हाक आली की निघायचं. माझी रेघ बघत थांबायचं नाय."