झरोक्यावरचा पुठ्ठा

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, सिविल लाइंसमधले ते घर निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेले नाही. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हिवाळ्यातल्या एका सकाळी मराठी घरातली एक शिक्षिका आंघोळीला गेली, ती बाहेर आलीच नाही. नवऱ्याने दार तोडले तेव्हा सारे संपले होते.

शवविच्छेदनात कारण निघाले, कार्बन मोनॉक्साइड. पण गॅस गिझर धड होता आणि पंचनाम्याच्या वेळी बाथरूमचा झरोका उघडा होता. मग वायू साचला कसा? तिच्या भावाने सरळ नवऱ्याचे नाव घेतले.

शेजारीण ठाण्यात आली. "साहब, दीदीला दवाखान्यात नेलं ना, त्याच्यानंतर भैयाने झरोक्यातून काहीतरी काढून फेकलं." कचऱ्यात पुठ्ठा सापडला, बरोबर झरोक्याच्या मापाचा.

नवऱ्याला बोलावले. खोटे बोलणारा बहुधा जास्त बोलतो. हा विचारले तेवढेच सांगत होता.

"पुठ्ठा काहून काढला?" मी विचारले.

"मीच लावला होता, साहेब. तिला वारा लागून राहिला होता. नंतर तो तिथे पाहवेना."

प्रयोगशाळेतून एक मॅडम यंत्र घेऊन त्या घरी आल्या. त्यांनी आम्हाला समजावले, "या नळीत बाथरूममधली हवा ओढली जाते. एका टोकाने अवरक्त किरण सोडतो. हा वायू त्यातले ठरावीक किरण शोषतो. पलीकडे ते जितके कमी पोचतील, तितका वायू जास्त."

झरोका उघडा ठेवून गिझर लावला. आकडा जेमतेम हलला. पुठ्ठा लावला, तसा तो चढतच गेला. वास कसलाच नाही.

ते बघून तिथे उभा असलेला तिचा भाऊ म्हणाला, "दीदी फोनवर म्हणाली होती, जीजाजींकडून झरोका बंद करून घेतला, आता थंडी नाही लागत. मी लक्षच नाही दिलं." त्याने तसा जबाब दिला. अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण बंद झाले.

नवरा मात्र ठाण्यात येत राहिला. एकदा मी विचारले, "काही काम होतं?"

"नाही. दुकानात हिंदी, बाजारात हिंदी. मराठी तिच्याशीच बोलत होतो."

मी खुर्ची पुढे केली. बायको पोह्यात शेंगदाणे जास्त घालायची, इतकेच सांगून तो त्या दिवशी गेला. तेव्हापासून प्रकरण बंद झाल्यावर येणाऱ्या माणसाला मी कधी परत पाठवले नाही. कागदावर कारण मिळते. तेवढ्याने घर भरत नाही.

माझी पत्नी जाऊन आता दोन हिवाळे झाले. मुलगा-सून प्रेमाने वागतात, पण बोलतात हिंदीत. संध्याकाळी मी त्या शिक्षिकेच्या नवऱ्याकडे जातो. तो चहा टाकतो आणि मी माझ्या पत्नीबद्दल मराठीत बोलत बसतो.