जबड्यात जबडा

सन २०२३. माझं वय अडुसष्ट. नातीच्या बालवाडीत लहान पोरांच्या खुर्चीत गुडघे छातीला लावून बसलो होतो. मोठी खुर्ची बाजूला रिकामी. वर्गाच्या बाईने तिथे बसा म्हटलं नाही. समोर उभी राहून नातीच्या चित्राचा कागद नाचवत होती.

नात चार वर्षांची. अंधेरीतली इंग्रजी शाळा, कोट्यातली मोफत जागा. मुलगा-सून पहाटेच मासळीच्या धंद्याला जातात, म्हणून बोलावणं आलं की मीच जायचो.

‘माझं घर’ काढायचं होतं. पोरीने दारासमोरची दोरी काढली, दोरीवर बोंबील. जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा. आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात असेच वाळत घालतात. जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी दोरीवर टाकायची. तिच्याच वयाचा असल्यापासून मी हे करतोय. शाळा दुसरीत सुटली, हे नाही सुटलं.

बाईला वाटलं, मासे एकमेकांना खातायत.

"घरी मारामारी होते का? दारू वगैरे?" आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्या लोकांत असतं ना हे. मुलांवर परिणाम होतो."

भिंतीवर बाकीच्यांची चित्रं. लाल कौलांची घरं, मागे डोंगर. बाराव्या मजल्यावरची पोरं ही. कौल कधी हातात घेतलंय? पण ती चित्रं बरोबर. आमचं भिंतीवर नव्हतंच.

दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण जागा गेली तर? मी हात जोडले.

"चूक झाली मॅडम. पुन्हा नाही काढणार ती."

पोर शेजारीच उभी होती.

घरी येऊन तिने कौलारू घर काढलं. मागे डोंगरही. मी विचारलं, आपले बोंबील कुठे गं बाय? मान वर न करता म्हणाली, "ते काढायचे नसतात, आजा. तूच बोललास ना."

माझ्याच कानाखाली बसली. बाईने अपमान माझा केला. पोरीचा मी केला.

शाळेत जाऊन खरं सांगतो म्हटलं, तर मुलगा म्हणाला, बाबा, गप राहा, उगाच वाट लावशील. गप राहूनच लावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओले बोंबील घेऊन वर्गात गेलो. पोरांसमोर जमिनीवर बसलो. जबड्यात जबडा अडकवून दाखवला. मग उठून बाईला म्हणालो, "काल मी खोटं बोललो. ही हेच काढणार, रोज काढणार. जागा काढून घ्यायची असेल तर कारण लिहून द्या."